मऊ टोकाची गोळी आणि वारणेचा ऊस

वारणा खोऱ्यात ऊस पुरुषभर वाढला की एक जुनी चर्चा पुन्हा डोके वर काढते. चांदोलीच्या अंगाने गवे खाली उतरतात, रानडुकरे उभ्या पिकाची नासाडी करतात आणि बिबट्या तर उसालाच जंगल समजून त्यात पिल्ले घालतो. वारणानगरच्या माळावर तात्यासाहेब कोरे यांनी सहकाराची साखर पिकवली. आज त्याच उसाच्या आडोशाला रानातले पाहुणे मुक्काम करू लागले आहेत. मग पारावर कुणीतरी म्हणतोच, "आम्हाला बंदुका द्या, आमचे आम्ही पाहून घेतो." सैनिक टाकळीसारखे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तेथे बंदुकीचे अप्रूप ते काय! पलटणीतून निवृत्त झालेला एखादा हवालदार जुन्या कार्बाईनची आठवणही काढतो. पण तिच्यात काडतूस कोणते घालायचे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. खरी गोम तेथेच आहे.

लष्कराच्या गोळीतील शिशावर टोकापर्यंत धातूचे कवच असते. ती सरळ आरपार जाते. शिकारीच्या गोळीचे टोक उघडे, मऊ शिशाचे असते. अंगात शिरताच ते पसरते आणि जनावर लवकर कोसळते. या मऊ टोकाचा इतिहास आपल्याच देशातला आहे. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडम येथील शस्त्रागारात अशी गोळी ब्रिटिशांनी बनवली आणि ती वायव्य सरहद्दीवर वापरली. त्यावरून जगभर ओरड झाली. १८९९ च्या हेग परिषदेने माणसाच्या शरीरात पसरणारी गोळी युद्धात निषिद्ध ठरवली. गंमत अशी, की युद्धात जी क्रूर ठरली, तीच शिकारीत दयेची मानली जाते. कवचाची गोळी खाऊन जखमी झालेला प्राणी दिवसचे दिवस तडफडतो आणि सूडाने पेटून गावावर येतो.

तेव्हा जुन्या कार्बाईनला मऊ टोकाची गोळी घातली की काम झाले, असे वाटेल. पण तसे नाही. कार्बाईन म्हणजे आखूड नळीची रायफल. नळी आखूड, म्हणून गोळीचा वेग कमी. लांब नळीच्या वेगासाठी बनवलेली गोळी येथे पसरेलच असे नाही. दुसरे, जुन्या लष्करी हत्यारांचे मॅगझीन गोल, टणक टोकाच्या गोळीसाठी घडवलेले. मऊ टोक त्यात चेपते, नळीच्या तोंडाशी अडकते आणि ऐन वेळी हत्यार बंद पडते. म्हणून भरवशाचे काडतूस ते, जे त्याच हत्यारात चांदमारीवर एकही अडथळा न येता चालले आहे. तिसरे, शक्ती. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन एम-वन कार्बाईनची गोळी जेमतेम सात ग्रॅमची. तिच्या भरवशावर हजार किलोपर्यंत भरणाऱ्या गव्यासमोर उभे राहणे म्हणजे मरणाला आवतण. चौथे, काडतुसाचे वय. आमच्या पावसाळ्यात दमट पेटीत पडलेली काडतुसे कधी फुटतच नाहीत, कधी क्षणभर थांबून फुटतात. जुन्या लष्करी काडतुसांतील क्षार नळीत राहिले, तर आतून गंज चढतो तो वेगळाच.

कायद्यानेही येथे वाट अरुंद ठेवली आहे. थ्री नॉट थ्री हे माप सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. म्हणून तर आपल्याकडे .३१५ ची शिकारी रायफल रुजली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, कार्बाईनचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गवा आणि बिबट्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. बिबट्या माणसावर धोका बनून आला, तरी त्याला मारण्याचा हुकूम मुख्य वन्यजीव रक्षकाने लेखी द्यायचा असतो. स्वतःचा जीव वाचवताना प्राणी मेला, तर तो गुन्हा नाही. पण मेलेला प्राणी सरकारचा.

हे निर्बंध शेतकऱ्याला जाचक वाटतात, आणि त्याची चीड खोटी नाही. रात्र-रात्र राखण करूनही पीक जाते, नुकसानभरपाईसाठी हेलपाटे पडतात. पण एक चित्र डोळ्यांपुढे आणा. गळिताच्या हंगामात फडाच्या कडेला बीडहून आलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या खोपी असतात. आत मुले झोपलेली असतात. रायफलची चुकलेली गोळी दोन-दोन किलोमीटर जाते. उसाचे पान तिला अडवत नाही, पाचटाची भिंत तर नाहीच. अंधारात हललेले जे दिसले ते डुक्कर होते की माणूस, हे गोळीला कळत नसते.

म्हणून मागणी करायचीच असेल, तर ती योग्य गोष्टीची करावी. खोऱ्यात वनखात्याचे तातडीने पोचणारे पथक हवे, त्यात सरावलेले नेमबाज आणि योग्य काडतूस हवे. भरपाई त्याच हंगामात हातात पडावी. आणि सौर कुंपणाला अनुदान मिळावे. सहकाराने या खोऱ्यात साखर, दूध आणि बाजार उभा केला. मग राखणही सामुदायिक का होऊ नये? एकट्याच्या हातातील जुनी कार्बाईन हा त्यावरचा तोडगा नव्हे.