आरास खेळांची, हिशेब मालकाचा

जुगारात बुडालेल्या माणसाला दोष देणे ही आपल्या समाजाची जुनी सवय आहे. त्याने पगार उडवला, घरातले दागिने गहाण टाकले, म्हणजे तो मुळातच बेजबाबदार, असा निकाल देऊन समाज मोकळा होतो. परंतु ज्या दुकानात तो लुटला गेला ते दुकान कोणी आणि कोणाच्या फायद्यासाठी मांडले, हा प्रश्न विचारला जात नाही. ऑनलाइन कॅसिनोच्या बाबतीत तो विचारलाच पाहिजे.

ऑनलाइन कॅसिनो उघडला की खेळ निवडण्याचे जे पान समोर येते त्याला या धंद्यात 'लॉबी' म्हणतात. तेथे शेकडो, कित्येकदा हजारो खेळांची रंगीत चित्रे ओळीने लावलेली असतात. 'नवे', 'लोकप्रिय', 'जॅकपॉट', 'अलीकडे खेळलेले' अशा रांगा असतात. नाव टाकून खेळ शोधता येतो. जॅकपॉटचा आकडा डोळ्यांदेखत वाढत असतो आणि अमक्याने इतके जिंकले अशी पट्टी सरकत असते. हरलेल्यांची पट्टी मात्र कोठेही नसते.

ही मांडणी ग्राहकाच्या सोयीसाठी आहे, असे सांगितले जाते. सोय आहेच; पण कोणाची? कोणता खेळ वरच्या रांगेत दिसावा हे मालक ठरवतो. काल तुम्ही काय खेळलात याची नोंद ठेवून आज तुमच्यापुढची आरास बदलता येते. एका खेळाचा कंटाळा आला की माणूस उठून जाण्याचा संभव असतो. म्हणून तो उठण्याआधीच पुढचे चित्र त्याच्या बोटाखाली आणून ठेवले जाते.

चित्रे हजार असली तरी त्यांच्यामागचे गणित एकच आहे. स्लॉटचा एखादा खेळ ९६ टक्के परतावा देतो असे म्हणतात, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटते की आपल्या १०० रुपयांतले ९६ सुरक्षित आहेत. वस्तुस्थिती तशी नाही. हा परतावा प्रत्येक डावावर मोजला जातो. १० रुपयांचा एक डाव, तीन सेकंदांना एक याप्रमाणे, तासाला १२०० डाव होतात. म्हणजे १२,००० रुपये फिरले आणि त्यातले सरासरी ४८० रुपये मालकाच्या खिशात गेले. एखाद्याला त्या तासात मोठी रक्कम लागेलही. पण सर्वांचा मिळून हिशेब चुकत नाही. शिवाय एकाच खेळाच्या कमी-अधिक परताव्याच्या आवृत्त्या निर्माते पुरवतात. चित्र तेच, संगीत तेच, कापणी वेगळी! हा आकडा बहुधा चित्रावर नसतो. तो खेळाच्या आत, माहितीच्या पानावर शोधावा लागतो.

मुंबईच्या गिरणगावात मटक्याने कामगारांच्या घामाचा पैसा ओढला, हे आपण विसरलेलो नाही. परंतु मटक्यातही 'ओपन' आणि 'क्लोज'ची वाट पाहावी लागे. त्या मधल्या वेळात माणूस कामावर जाई, घरी जाई, कोणी त्याला चार शब्द सांगे. मोबाइलमधल्या कॅसिनोने ही फट बुजवली आहे. तो रात्री दोन वाजताही उघडा असतो आणि शेजारी झोपलेल्या माणसालाही कळत नाही.

यावर उपाय नाही काय? ब्रिटनमध्ये ऑनलाइन कॅसिनो परवान्याने चालतो. तेथील जुगार आयोगाने ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटमधील आपोआप चालणारे डाव बंद केले, दोन डावांत किमान अडीच सेकंदांचे अंतर सक्तीचे केले आणि किती वेळ खेळलात व किती हरलात-जिंकलात हे पडद्यावर दाखवणे बंधनकारक केले. २०२५ मध्ये तेथे एका डावाची रक्कम प्रौढांसाठी ५ पौंडांवर आणि १८ ते २४ वर्षांच्या तरुणांसाठी २ पौंडांवर मर्यादित झाली. दोष केवळ खेळणाऱ्याच्या स्वभावात नसून दुकानाच्या रचनेत आहे, याचीच ही सरकारी कबुली होय. मात्र या नियमांनी लॉबीतील रांगांना हात लावला नाही.

आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात शिक्षा खेळणाऱ्याला नाही. खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि त्याचे व्यवहार पार पाडणाऱ्याला आहे. ही दिशा योग्य आहे. पण परदेशी परवान्यावर चालणारा कॅसिनो कायद्याच्या एका कागदाने मोबाइलमधून नाहीसा होत नाही. एक संकेतस्थळ अडवले की दुसऱ्या नावाने तीच आरास उभी राहू शकते. म्हणून अंमलबजावणीचा रोख पैशाच्या वाटेवर आणि जाहिरातीवर असला पाहिजे. गरीब तरुणाला चौकीत बसवून काही साधणार नाही.

आणि आपले काय? वस्तीतल्या, वसतिगृहातल्या मुलांना 'जुगार वाईट' एवढेच सांगून भागणार नाही. त्यांच्यासमोर कागद-पेन्सिल घेऊन १२०० डावांचा हिशेब मांडला पाहिजे. जो कर्जात अडकला आहे त्याला हिणवू नये. त्याला घरी बोलता येईल एवढी जागा ठेवावी. लाजेने गप्प बसलेला माणूस हरलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा त्याच लॉबीत जातो. मालकाला हवे असते ते नेमके हेच.