पोथीनिष्ठ कोण?

एखाद्या गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट निघाला, की वाचक तक्रार करतो, ‘पुस्तकात हे असे नाही.’ त्यावर समीक्षक मंद स्मित करून उत्तर देतो, ‘माध्यम वेगळे आहे.’ या तीन शब्दांनी वाद संपला, असे परस्पर गृहीत धरले जाते. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्या चाहत्यांच्या वाट्याला तर हे स्मित अंमळ अधिकच येते. परग्रह, जादूगार आणि बुटके यांच्यावरून तासन् तास वाद घालणारी ही मंडळी रिकामटेकडी, पोरकट आणि पोथीनिष्ठ आहेत, असा शिक्का मारून विद्वज्जन मोकळे होतात. हा शिक्का एकदा तपासून पाहिला पाहिजे.

त्यासाठी जे. आर. आर. टोल्किन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीइतके चांगले उदाहरण नाही. १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेली ही कथा न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी २००१, २००२ आणि २००३ अशा तीन वर्षांत तीन चित्रपटांतून पडद्यावर आणली. तिसऱ्या चित्रपटाने तब्बल ११ ऑस्कर पटकावले. जगभर कौतुकाचा वर्षाव होत असतानाही जुने वाचक वाद घालतच राहिले. त्यांचे म्हणणे नेमके काय होते?

ते पोथीनिष्ठ असते, तर गाळलेल्या प्रत्येक ओळीसाठी त्यांनी आकांत केला असता. तसे घडले नाही. टॉम बॉम्बाडिल हे गाणारे, अरण्यात रमणारे पात्र चित्रपटातून संपूर्ण वगळले गेले. हळहळ अनेकांना वाटली. पण त्याच्यावाचून कथा अडत नाही, हे बहुतेकांनी मान्य केले. जखमी फ्रोडोला नदीपार नेण्याचे काम ग्लोरफिन्डेलऐवजी आर्वेनकडे सोपवले गेले, तेही बऱ्याच जणांनी चालवून घेतले. वाद पेटला तो फारामिरवरून आणि शायरच्या शेवटावरून.

कथेतील अंगठी म्हणजे निरंकुश सत्तेचा मोह. बोरोमिर त्या मोहाला बळी पडतो. त्याचा धाकटा भाऊ फारामिर याच्या हाती ती अनायासे येऊ शकते, तेव्हा तो तिला स्पर्शही करीत नाही. चित्रपटातला फारामिर मात्र फ्रोडोला कैद करून ओस्गिलियाथपर्यंत फरफटत नेतो आणि मग उपरती होऊन सोडून देतो. पटकथाकारांचा युक्तिवाद असा, की कोणी इतक्या सहज नकार दिला, तर अंगठीचे भय प्रेक्षकाला उरणार नाही. युक्तिवाद चतुर आहे. पण त्यात लेखकाच्या कथनावरच घाव आहे. मोहाच्या क्षणी मनुष्य संयमी राहू शकतो, हेच तर टोल्किन यांना फारामिरच्या द्वारे सांगायचे होते! सगळेच डळमळतात असे दाखवले, की संयम हा स्वभाव उरत नाही, पटकथेतील एक वळण होते.

शायरचे प्रकरण याहून गंभीर. पुस्तकात चार हॉबिट महायुद्ध संपवून घरी परततात, तेव्हा त्यांचा गाव ओळखू येत नाही. झाडे तोडलेली, जुन्या गिरणीच्या जागी धूर ओकणारी नवी गिरणी, आणि आपलेच शेजारी गुंडांच्या हुकुमाचे ताबेदार झालेले. कोणी जादूगार, कोणी राजा मदतीला येत नाही. हे चौघे गावकऱ्यांना उठवतात आणि आपले घर आपणच सोडवतात. चित्रपटात गाव जसाच्या तसा हिरवागार आहे. चौघे खानावळीत पेले घेऊन बसतात. मुख्य संग्राम संपल्यावर पुन्हा एक लढाई प्रेक्षक सोसणार नाही, हे कारण २०१ मिनिटांच्या चित्रपटाला लागू पडते, हे मान्यच केले पाहिजे. पण हानी झालीच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १९१६ च्या सोमच्या रणांगणातून परतलेल्या लेखकाने हे प्रकरण कथानकाचा आवश्यक भाग असून ते आरंभापासून योजलेले होते, असे दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट केले होते. युद्धाची झळ उंबरठ्याच्या आतही लागते आणि विजयानंतरचे काम घरातच असते, हा त्याचा आशय. तोच पडद्यावर आला नाही.

खुद्द टोल्किन चित्रपटाचे वैरी नव्हते. १९५८ मध्ये एका प्रस्तावित पटकथेवर त्यांनी सविस्तर टिपणे लिहिली. काटछाट त्यांना चालत होती. गाभा न उमगता केलेली मोडतोड चालत नव्हती. १९६९ मध्ये त्यांनी चित्रपटाचे हक्क विकले, हेही खरे. परंतु हक्क विकले म्हणजे अर्थही विकला, असे कोणत्या करारात लिहिलेले असते? वडिलांच्या हस्तलिखितांवर आयुष्य वेचणारे त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी २०१२ मध्ये एका फ्रेंच दैनिकाच्या मुलाखतीत या चित्रपटांविषयी तीव्र खेद व्यक्त केला. त्यांनाही पोथीनिष्ठ म्हणायचे काय?

आता ‘माध्यमाची गरज’ या मखलाशीकडे वळू. हजाराहून अधिक पृष्ठांची कादंबरी तीन चित्रपटांत बसवताना गाळणे ही गरज होती. मग १९३७ चे ‘द हॉबिट’ हे मुलांसाठी लिहिलेले एकच आटोपशीर पुस्तक २०१२ ते २०१४ या काळात तीन चित्रपटांत ताणले गेले, ती कोणती गरज? मूळ पुस्तकात नसलेली टॉरिएल ही योद्धी निर्माण करून तिच्याभोवती प्रेमाचा त्रिकोण रचला गेला, तो कोणत्या माध्यमाचा आग्रह? एकदा कथा आखूड करायची, एकदा लांब करायची, आणि दोन्ही वेळा माध्यमाचेच नाव पुढे करायचे! हे गणित तिकीटखिडकीवर सुटते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ या मालिकेने तर मुख्यतः कादंबरीच्या परिशिष्टांवर डोलारा उभारला आणि हजारो वर्षांचा कालपट एका माणसाच्या आयुष्याएवढ्या अवधीत कोंबला.

बदल म्हटला की चाहता खवळतोच, हा आरोपही टिकत नाही. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या ‘ड्यून’वर डेनी विल्नव यांनी २०२१ आणि २०२४ मध्ये दोन चित्रपट केले. कादंबरीत नायकाच्या सोबत राहणारी चानी चित्रपटाच्या अखेरीस त्याच्याकडे पाठ फिरवून निघून जाते. बदल लहान नाही. तरीही अनेक जाणत्या वाचकांनी तो स्वीकारला. कारण तारणहाराच्या मागे डोळे मिटून धावणाऱ्यांना हर्बर्ट यांना जो इशारा द्यायचा होता आणि जो त्यांनी १९६९ च्या पुढील कादंबरीत अधिक स्पष्ट केला, तोच या बदलाने ठळक होतो. अक्षर बदलले, आशय राखला. फारामिरच्या बाबतीत याच्या नेमके उलटे झाले. हा भेद ज्याला कळतो त्याला पोथीनिष्ठ म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे.

अर्थात चाहत्यांच्या नावावर जे काही चालते, ते सारे समर्थनीय नाही. २०२२ च्या त्या मालिकेतील काही कलावंतांना केवळ वर्णावरून हीन शिवीगाळ सोसावी लागली. ती चर्चा नव्हे, विकृती होती. पण काही निंदकांकडे बोट दाखवून प्रामाणिक वाचकाचा प्रश्न टाळता येणार नाही. शिवी ही टीका नव्हे, तशी टीकाही शिवी नव्हे.

मराठी माणसाला तरी हे समजावे लागू नये. एकनाथांनी ‘भावार्थ रामायण’ रचले, श्रीधरांनी ‘रामविजय’ रचला. दोघांनी आपापल्या काळाचे रंग भरले. कीर्तनकार तर रोज नवे दृष्टांत जोडतो. श्रोत्यांनी ते आनंदाने ऐकले, कारण कथेचे सत्त्व जागेवर होते. जिथे ते ढळले, तिथे मंडपातील म्हाताऱ्यानेही बुवांना अडवले. त्या म्हाताऱ्याला कोणी रिकामटेकडा म्हटले नाही.

चित्रपट व्यवसायाचा दुटप्पीपणा इथेच उघडा पडतो. पहिल्या दिवसाच्या पहिल्या खेळाला हाच चाहता हवा असतो. वर्गणी घेताना तो आपला आणि हिशेब मागताच परका! ‘माध्यम वेगळे आहे’ हे वाक्य कोणतीही तपासणी न करता जपमाळेसारखे ओढणारे, तेच खरे पोथीनिष्ठ. चित्रपट पाहून परतताना घरातील मुलगा किंवा मुलगी ‘पुस्तकात असे नव्हते’ म्हणाली, तर तिला गप्प बसवू नये. काय बदलले, का बदलले आणि त्याने कथेचे काय झाले, हे तीन प्रश्न तिला विचारावेत. मग पुस्तक पुन्हा कपाटातून खाली काढावे.