हेलिकॉप्टर उतरलं, पण गावात नोंद कुठे? खासगी हेलिपॅड, रात्रीचं उड्डाण आणि अकलोली पट्ट्याचा प्रश्न

अकलोली (ता. भिवंडी) : गरम पाण्याच्या कुंडांमुळे अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी हा तानसा नदीकाठचा पट्टा सगळ्यांना माहीत आहे. आता इथे रिसॉर्ट आणि फार्महाऊस वाढलेत. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला आमण्यापर्यंत सुरू झाला आणि भिवंडी तालुक्यातल्या जमिनीकडे पैसेवाल्यांची नजर आणखी वळली. मुंबईतलं जुहू हे हेलिकॉप्टरचं मोठं ठाणं. तिथून हा पट्टा हवेतून काही मिनिटांवर आहे. रस्त्याने यायचं तर ट्रॅफिकमध्ये तासन् तास जातात.

हेलिकॉप्टर आता फक्त मंत्र्यांचं राहिलेलं नाही. याच तालुक्यातल्या एका शेतकरी-व्यावसायिकाने धंद्यासाठी हेलिकॉप्टर घेतल्याची बातमी २०२१ मध्ये राज्यभर गाजली होती. उद्या एखाद्या फार्महाऊसच्या मोकळ्या जागेत हेलिकॉप्टर उतरलं, तर गावात त्याची नोंद कोणाकडे असेल?

वर नोंद असते, खाली नसते

आकाशातला हिशेब बऱ्यापैकी चोख असतो. उड्डाणाआधी वैमानिकाला उड्डाण-आराखडा द्यावा लागतो. हवाई माहिती केंद्राकडून एक क्रमांक मिळतो आणि हवाई दलाच्या यंत्रणेकडून दुसरा. कुठून निघालो, कुठे उतरलो, किती वाजता, हे हेलिकॉप्टरच्या आणि वैमानिकाच्या लॉगबुकात लिहावं लागतं. दिवसाचं उड्डाण वेगळं, रात्रीचं वेगळं दाखवावं लागतं.

पण हे सगळे कागद कंपनीकडे आणि दिल्लीच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे. कायमस्वरूपी, सगळ्यांसाठी खुल्या हेलिपोर्टला डीजीसीएचा परवाना लागतो. कधीमधी उतरायच्या तात्पुरत्या जागेचं तसं नसतं. तिथे जागामालकाची संमती घ्यायची, स्थानिक प्रशासनाला कळवायचं, आणि जागा सुरक्षित आहे की नाही ही जबाबदारी मुख्यतः कंपनीची आणि वैमानिकाची.

मंत्री येणार असले की गावाला आधीच कळतं. बांधकाम खात्याची माणसं येतात, चुन्याने गोल आखून मधे ‘एच’ काढतात, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारतात. अग्निशमनची गाडी, ॲम्ब्युलन्स, पोलीस बंदोबस्त असतो. खासगी पाहुण्याच्या वेळी यातलं काय होतं, हे विचारायची सोय गावाकडे नाही.

अपघात काय सांगतात

हा प्रश्न नुसता हौसेचा नाही. २५ मे २०१७ ला लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच तारांमध्ये अडकून वस्तीलगत कोसळलं. सगळे वाचले हे नशीब. ३ मे २०२४ ला महाडमध्ये शिवसेना (ठाकरे) नेत्या सुषमा अंधारे यांना घ्यायला आलेलं हेलिकॉप्टर उतरतानाच कलंडलं. २ ऑक्टोबर २०२४ ला पुण्याजवळ बावधनमध्ये गोल्फ कोर्सच्या हेलिपॅडवरून सकाळी निघालेलं हेलिकॉप्टर धुक्यात, डोंगराळ भागात पडलं. त्यात तिघांचा जीव गेला.

निलंग्यात मुख्यमंत्र्यांसाठीचा सगळा बंदोबस्त होता, तरी तारा आडव्या आल्या. जिथे बंदोबस्तच नाही, तिथे महावितरणची लाइन, शेजारची शाळा, बांधावरची गुरं यांचा विचार आधी कोण करणार?

रात्रीचं काय?

बहुतेक खासगी हेलिकॉप्टर डोळ्यांनी जमीन बघत उडतात. अशा उड्डाणाचा सर्वसाधारण नियम असा, की सूर्यास्त ते सूर्योदय उडायचं नाही. अपवाद हवा असेल तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. रात्री उतरायचं तर दिवे लावलेलं हेलिपॅड, तशी यंत्रं आणि तसं प्रशिक्षण घेतलेला वैमानिक हवा. गाड्यांच्या हेडलाइटवर शेतात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. अंधारात विजेची तार दिसत नाही, आणि नदीकाठी धुकं कधी धरेल सांगता येत नाही.

केदारनाथ मार्गावर १५ जून २०२५ च्या पहाटे गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर पडून सात जण गेले. ठरवून दिलेल्या वेळेआधीच उड्डाण केलं, असा आरोप त्यानंतरच्या पोलीस तक्रारीत होता. ठरलेली वेळ कागदावर होती, म्हणून तो आरोप तरी करता आला. वेळेची नोंदच नसेल तर कोणाला काय विचारणार?

नोंद नसली की अफवा पिकते, हेही राज्याने पाहिलं आहे. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड, जालना जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन फिरत असल्याच्या चर्चेने लोक रात्र-रात्र जागत होते. ड्रोन कोणाचे, कशासाठी, हे गावाला कोणी नीट सांगू शकत नव्हतं.

आवाजाचाही नियम आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

गावाच्या हातात काय आहे?

आकाश केंद्र सरकारच्या ताब्यात आहे. ग्रामपंचायत उड्डाण थांबवू शकत नाही. पण जमीन महसूल खात्याच्या कक्षेत येते. शेतजमिनीत काँक्रीटचं कायमचं हेलिपॅड बांधलं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली बिगरशेती वापराचा प्रश्न येतो. तो तहसीलदारांना विचारता येतो.

गावाला करता येण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत :

- ग्रामसभेत ठराव करून ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी. तारीख, उतरायची आणि निघायची वेळ, गट नंबर, कोणी कळवलं, एवढं लिहिलं तरी पुरे.
- हेलिकॉप्टरवर मोठ्या अक्षरात नंबर असतो. भारतातल्या हेलिकॉप्टरचा नंबर ‘व्हीटी’ने सुरू होतो. लांबून मोबाइलवर व्हिडिओ काढला तरी नंबर आणि वेळ मिळते.
- पोलीस पाटलांमार्फत गणेशपुरी पोलीस ठाण्याला कळवावं. गावातली खबर वर पोचवणं हे ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणे पोलीस पाटलांचं कामच आहे.
- परवानगी होती का, हे माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारता येतं. उत्तराची मुदत ३० दिवस.
- पंखा फिरत असताना जवळ जाऊ नये, मागच्या बाजूने तर अजिबात नाही. रात्री वैमानिकाच्या दिशेने टॉर्च किंवा लेझर मारू नये. अपघात झाला तर ११२ आणि १०८.

हेलिकॉप्टरला विरोध नको, हिशेब हवा

हेलिकॉप्टर गावाच्या कामालाही येऊ शकतं. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा हेलिकॉप्टर तयार होती, पण खराब हवामानामुळे उडू शकली नाहीत. म्हणजे तारा नसलेली, आधी पाहून ठेवलेली, नोंदलेली जागा असली तरी सगळं सुटत नाही. पण हवा मोकळी असेल त्या दिवशी गंभीर रुग्णासाठी किंवा पुराच्या वेळी तीच जागा उपयोगी पडेल. फार्महाऊसवाल्याने हेलिपॅड बांधलंच, तर अडीअडचणीला ते गावालाही मिळावं, अशी अट ग्रामसभा मागू शकते.

सातारा जिल्ह्यात कोयनेच्या पाण्यातून होडी वल्हवत शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रकरण २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे होतं. मुख्यमंत्र्यांच्या गावी दोन हेलिपॅड आहेत, मग मुलांना शाळेत जायला धड रस्ता का नाही, असा त्या वेळी न्यायालयाचा रोख होता. हेलिपॅडला हरकत नव्हती.

अकलोली पट्ट्यातल्या गावांना अजून वेळ आहे. येत्या ग्रामसभेत हा एक विषय घेतला आणि शंभर पानी वही घातली, तर पुढे जे कोणी उतरेल त्याचा हिशेब गावाकडेही राहील.