मनगटावरचा मास्तर

आमच्या चिरंजीवांना ट्रायथलॉन करायची आहे. पुरी आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० सायकल आणि ४२.२ धावणे. करा म्हटलं! पण आधी घड्याळ हवं. किंमत, माझी दोन महिन्यांची पेन्शन!

"बाबा, ते हृदयाचे ठोके मोजतं."

अरे, जगबुडीत मगर दिसली की ठोके घड्याळावाचून कळतात! शिवाय जीपीएस पाण्याखाली पोचत नाही. हात वर येईल तेवढ्यावर घड्याळ अंतराचा अंदाज बांधतं. अंदाज काय, मीही फुकट देतो.

मे महिन्यात मित्राचं घड्याळ बांधून धावला. 'दोन किलोमीटर बाकी' दिसलं म्हणून थांबला नाही, आणि भरणे नाक्यावर चक्कर येऊन पडला. नुसता चेहरा पाहून कोकम सरबत पुढे केलं ते टपरीवाल्यानं.

तेव्हा मंडळी, पाणी सोसणारं साधं स्टॉपवॉच घ्या. आणि थांबायचं कधी, हे मनगटाला विचारू नका!