डब्यावरचें नांव आणि जहाजाचें वर्ष

एका वाचक भगिनीनें विचारलें आहे कीं, त्यांचे मामंजी १९५८ पासून १९६२ पर्यंत आपल्या आरमारांतील 'दिल्ली' या क्रूझरच्या बॉयलरखान्यांत कामास होते. येत्या मार्गशीर्षांत त्यांस नव्वद वर्षें पूर्ण होतील. त्या दिवशीं नातवंडांनीं स्वहस्तें जोडलेली त्या जहाजाची प्रतिकृति त्यांच्यापुढें ठेवावी असें घरांत ठरलें आहे. परंतु संच कोणता घ्यावा याविषयीं एकमत होत नाहीं. मामंजी स्वभावानें अबोल आहेत. चुकीचें जहाज दिलें तरी "छान आहे" म्हणून स्वस्थ बसतील, असें त्या लिहितात. आमच्या मतें या प्रश्नांतील खरी अडचण हीच होय. ज्या वस्तूंतील चूक ज्याच्यासाठीं ती केली त्याला एकट्यालाच कळणार आहे, ती वस्तु अधिक काळजीनें करावयास हवी.

प्रथम नांवाचा घोटाळा. दुकानांत जाऊन 'दिल्ली' मागितली तर बहुधा १९९७ सालीं आरमारांत दाखल झालेल्या विनाशिकेचें चित्र पुढें येईल. ती आपल्या मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली आहे, व तिचा अभिमान आम्हांसही आहे. पण मामंजींचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं. आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची आपल्यांतील चाल आरमारांतही आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मामंजींची 'दिल्ली' म्हणजे मूळची 'अकिलीझ'. १३ डिसेंबर १९३९ रोजीं दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ जर्मनांच्या 'ग्राफ श्पे' या जहाजाशीं ज्या तीन क्रूझरांनीं झुंज दिली, त्यांपैकीं ही एक. १९४८ सालीं ती हिंदुस्थानाकडे आली व १९७८ सालीं निवृत्त झाली. १९५६ मध्यें त्या लढाईवर इंग्रजी बोलपट निघाला, तेव्हां या जहाजानें त्यांत स्वतःचीच भूमिका केली. असें भाग्य नटांसही क्वचित् लाभतें!

त्या लढाईंतील तिची जोडीदारीण 'एजॅक्स' हिचा संच एअरफिक्स या इंग्लिश कंपनीनें पूर्वीं काढला होता. दोघी एकाच 'लिअँडर' वर्गांतील असल्यामुळें जुन्या मालांत तो मिळाल्यास अवश्य घ्यावा. प्रमाण सहाशेंत एक; म्हणजे १६९ मीटरांचें जहाज सुमारें अकरा इंचांत मावतें, व दिवाणखान्यांतील फडताळास तें बेताचें आहे. याच घराण्यांतील पुढचीं तीन जहाजें दोन धुराड्यांचीं आहेत. तीं घेऊं नयेत. आपल्या जहाजास धुराडें एकच, आणि ज्याचीं चार वर्षें त्या धुराड्याच्या तळाशीं गेलीं तो तें प्रथम पाहील.

तथापि 'एजॅक्स' जशीच्या तशी जोडून तिच्यावर 'दिल्ली' लिहिलें, तर काम फसलें. 'एजॅक्स'वर सहा इंची तोफांचे चार बुरूज, म्हणजे आठ तोफा. 'दिल्ली'वर बुरूज तीन आणि तोफा सहा. जानेवारी १९४३ मध्यें ग्वाडलकॅनल बेटाजवळ एक जपानी बाँब मागील दोन बुरुजांपैकीं वरच्यावर पडला; पुढें इंग्लंडांत दुरुस्ती झाली, तेव्हां तो बुरूज काढून तेथें लहान विमानवेधी तोफा बसविण्यांत आल्या. तेव्हांच डोलकाठ्याही तिपायी झाल्या. 'एजॅक्स'वरील विमान आणि तें उडविण्याचें यंत्र हींही वगळावींत. 'दिल्ली'वर विमान नव्हतें. हे फेरफार दहा-बारा वर्षांच्या मुलासही सुरी व कानस घेऊन करतां येतील. मात्र वडील माणूस शेजारीं असावें आणि खिडकी उघडी असावी, कारण प्लॅस्टिकच्या सरसाची वाफ चांगली नव्हे.

निशाणाविषयीं धाकट्या नातवाचा आग्रह आहे कीं, शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेल्या अष्टकोनाचें निशाण लावावें. मुलाची भावना उत्तम आहे. ती मोडतांना आम्हांस वाईट वाटतें. पण तें निशाण २ सप्टेंबर २०२२ रोजीं स्वीकारलें गेलें, आणि मामंजींची नौका त्यापूर्वीं चव्वेचाळीस वर्षें निवृत्त झाली होती. त्यांच्या वेळीं पांढऱ्या भूमीवर तांबडा क्रूस व वरच्या कोपऱ्यांत तिरंगा असें निशाण असे. तें इंग्रजी वळणाचें होतें खरें. परंतु डिसेंबर १९६१ मध्यें पोर्तुगीजांवर तोफा डागतांना आपल्या जहाजांवर तेंच फडकत होतें.

या प्रसंगाविषयींही थोडें सांगणें अवश्य आहे. मामंजी "गोव्याच्या लढाईंत मांडवीच्या मुखाशीं" होते, असें पाटीवर कोरण्याचा बेत पत्रांत आहे. मोहीम गोव्याचीच, हें बरोबर. पण 'दिल्ली' त्या वेळीं काठेवाडच्या टोकाशीं दीव येथें होती आणि तिनें तेथील किल्ल्यावर मारा केला. पाटीवर दीवच लिहावें. तेवढ्यानें पराक्रम कांहीं उणा होत नाहीं. जहाजावरील नेमणुकीच्या तारखाही सेवेच्या कागदांवरून ताडून घ्याव्यात. ते गहाळ असल्यास मुंबईस मानखुर्दजवळ चीता कॅम्प येथें खलाशांच्या नोंदी ठेवणारें आरमाराचें कार्यालय आहे. तेथें स्वतः मामंजींच्या सहीनें अर्ज करावा.

म्हणजे त्यांस आधीं कळेल, असें मुलें म्हणतील. कळूं द्यावें. नव्वदीच्या माणसापासून गुपित राखून काय मिळवावयाचें? जहाजाचा सांगाडा उभा राहिला कीं, सरस लावण्यापूर्वींच तो त्यांच्या हातीं द्यावा, वगळलेला चौथा बुरूज शेजारीं ठेवावा, आणि याच्या जागीं काय होतें, बॉयलरखान्यांत उतरण्याची शिडी कोठें होती, इतकेंच विचारावें. ते काय सांगतात तें लिहून घेण्यास थोरल्या नातीस वही घेऊन बसवावें. धाकट्यास तोंवर निशाण रंगवूं द्यावें.