मुदत संपलेली चाइल्ड सीट का वापरू नये?

घरात बाळ येणार म्हटले की पाळणा, झबली-टोपडी, बाबागाडी यांच्याबरोबर आता आणखी एक वस्तू नात्यागोत्यात फिरू लागली आहे. ती म्हणजे गाडीत बाळाला बसवण्याची चाइल्ड सीट. अमेरिकेहून परतणारे दादा-वहिनी ती सामानात घालून आणतात, पुण्या-ठाण्यात ती एका मावसबहिणीकडून दुसरीकडे जाते, जुन्या वस्तूंच्या ॲपवर ती निम्म्या किमतीत मिळते. वापरलेल्या वस्तू पुढच्या बाळाला देण्याची आपली रीत चांगलीच आहे. त्यात पैसा वाचतो, वस्तू वाया जात नाही आणि मायाही असते. पण ही सीट उलटी करून पाहिली, तर पाठीवर किंवा तळाशी एक तारीख सापडते आणि त्या तारखेनंतर सीट वापरू नका, अशी सूचना असते. मग घरात वाद सुरू होतो. ‘प्लास्टिकला कसली आली एक्स्पायरी? नवी सीट खपवायचा धंदा आहे सगळा.’ हा संशय खुळचट म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. विकणाऱ्यानेच वस्तूची मुदत ठरवावी, यात कोणालाही काळेबेरे वाटू शकते. तरीही ती तारीख पाळायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे. सीट अजून मजबूत आहे की नाही, हे घरी बसून कळण्याचा कोणताही मार्ग नाही, हे त्याचे मुख्य कारण.

आधी या सीटचे काम नेमके काय, ते पाहू. रोजच्या प्रवासात बाळाला बसायला जागा देणे, हे तिचे वरवरचे काम. खरे काम कदाचित कधीच करावे लागणार नाही आणि लागलेच, तर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात करावे लागेल. युरोपीय नियमांनुसार सीटची समोरून धडकेची चाचणी ताशी 50 किलोमीटर वेगाने होते. त्या क्षणी सीटवर आणि तिच्यातल्या बाहुलीवर गुरुत्वाकर्षणाच्या वीसपटीहून अधिक जोर येतो. म्हणजे दहा किलोचे मूल त्या निमिषात दोनशे किलोहून अधिक ओढीने पुढे फेकले जाते. आईच्या कितीही घट्ट मिठीला हे पेलत नाही. ही ओढ पट्टे झेलतात, पट्टे ती प्लास्टिकच्या कवचाकडे देतात, कवच ती गाडीच्या सांगाड्याकडे पोचवते. या साखळीतली एक कडी जरी तुटली, तरी बाकीच्या सगळ्या मजबूत असून उपयोग नाही. ‘रोज वापरतोय, काही झालेले नाही’ हा पुरावा म्हणूनच इथे चालत नाही. रोजच्या वापरात त्या कडीवर असा भार आलेलाच नसतो.

आता प्लास्टिकची गोष्ट. बहुतेक सीटचे कवच पॉलिप्रॉपिलीनचे असते. या पदार्थाचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात आणि त्या लांबीमुळेच तो तुटण्याआधी वाकतो. उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि सूर्याची अतिनील किरणे या साखळ्या हळूहळू तोडत राहतात. हे लांबवण्यासाठी कारखान्यात प्लास्टिकमध्ये संरक्षक रसायने मिसळतात, पण ती काम करता करता संपत जातात. त्यानंतर कवच दिसायला तसेच राहते, मात्र धडकेत वाकण्याऐवजी तडकण्याकडे त्याचा कल वाढतो. शिवाय गाडीइतकी वाईट जागा प्लास्टिकला दुसरी नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सरासरी 22 अंश सेल्सियसने वाढते आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, असे अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेरच 45 अंश असतात, तिथे गाडीच्या आत काय होत असेल याचा अंदाज बांधावा. दिवसा भट्टी, रात्री गारवा, असे वर्षानुवर्षे चालते. प्लास्टिक आणि त्यात बसवलेले लोखंड एकाच प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे जोडांपाशी ताण साठत जातो. गाडीच्या बाजूच्या काचा काही अतिनील किरणे अडवतात, पण सगळी नाहीत.

कवचाखेरीज इतर भागांचेही वय होते. बाळाच्या डोक्याभोवती थर्माकोलसारख्या फोमचा थर असतो. तो स्वतः चिरडून धडकेचा जोर खातो आणि हे काम एकदाच करू शकतो. पूर्वीच्या एखाद्या धडकेत तो आतून दबला असेल, तर वरच्या कापडावरून ते कळत नाही. पाच टोकांनी बांधणारे पट्टे पॉलिएस्टरचे असतात. त्यांवर दूध सांडते, बाळ ओकते, मग घरातले कोणी तरी ते प्रेमाने गरम पाण्यात, डिटर्जंटमध्ये किंवा ब्लीचमध्ये भिजवून स्वच्छ धुते. कंपन्यांच्या माहितीपुस्तिका नेमके हेच करू नका म्हणून बजावतात, कारण त्याने धागा कमजोर होऊ शकतो. मधल्या लाल बटणाच्या बकलमध्ये बिस्किटाचा चुरा आणि वाळलेला रस साचतो. मग ते ‘टक्’ असा आवाज करून पुरते बसत नाही, किंवा सोडवायच्या वेळी अडकते. पाच-सात वर्षांत आणि दोन-तीन मुलांच्या हातून या सीटचे काय काय झाले, याची नोंद कुठेच नसते. नव्या हातात येते ती फक्त धुऊन-पुसून चकचकीत केलेली सीट.

‘पण मग ती मुदत सरकारने का ठरवली नाही?’ हा संशयवाद्यांचा सर्वात वजनदार प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आडपडदा न ठेवता द्यायला हवे. अमेरिकेचा संघीय नियम सीटवर उत्पादनाची तारीख छापायला लावतो, मुदत मात्र ठरवून देत नाही. ती कंपनी ठरवते आणि साधारणपणे उत्पादनापासून सहा ते दहा वर्षे असते. नवी सीट विकण्यात कंपनीचा फायदा आहे, हेही खरे. मुदतीच्या शेवटच्या रात्री बाराच्या ठोक्याला सीट निकामी होते, असे मुळीच नाही. त्या तारखेचा अर्थ एवढाच, की इथपर्यंत ही सीट ठरल्याप्रमाणे काम करील याची जबाबदारी बनवणारा घेतो आणि त्यापुढे घेत नाही. मंजुरीसाठी धडकवली जाते ती नवी सीट. पट्ट्यांची घर्षण आणि प्रकाश सोसण्याची वेगळी परीक्षा होते, पण दहा वर्षे उन्हातान्हात काढलेली अख्खी सीट मंजुरीसाठी कोणी धडकवत नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरचे उदाहरण पाहा. वरच्या कड्याखालच्या लोखंडी पट्टीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. अक्षर वर्षाची तिमाही सांगते, आकडे वर्ष. त्या तारखेनंतर सिलिंडर तपासणीला गेलाच पाहिजे. सिलिंडर बाहेरून धडधाकट दिसतो म्हणून ती तारीख हा कंपनीचा डाव आहे, असे आपण म्हणत नाही. फरक इतकाच, की सिलिंडर दाबाखाली तपासून पुन्हा वापरात आणता येतो. चाइल्ड सीटची खरी तपासणी म्हणजे ती धडकवून पाहणे, आणि त्यानंतर ती सीट कोणाच्याच कामाची राहत नाही. तपासणीच शक्य नसेल, तर आधीच आखून दिलेली मर्यादा हाच एकमेव प्रामाणिक पर्याय उरतो.

दुसरे कारण प्लास्टिकच्या पलीकडचे आहे. या काळात सुरक्षेचे ज्ञानही पुढे जात असते. युरोपात 2013 पासून ‘आर 129’ हा नवा नियम आला. त्यात बाजूने होणाऱ्या धडकेची चाचणी सक्तीची झाली आणि पंधरा महिन्यांपर्यंतच्या बाळाला गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करूनच बसवण्याचे बंधन आले. जुन्या ‘आर 44’ नियमात बाजूच्या धडकेची अशी चाचणी नव्हती आणि नऊ किलोच्या बाळाला पुढे तोंड करून बसवता येत होते. लहान बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. समोरून धडक बसल्यावर मागे तोंड करून बसलेल्या बाळाचे डोके, मान आणि पाठ कवचात एकदम टेकतात, तर पुढे तोंड असलेल्या बाळाचे डोके झटक्याने पुढे जाते. सप्टेंबर 2024 पासून युरोपीय संघात जुन्या नियमाच्या सीट विकणे थांबले. वापरावर बंदी नाही, पण दिशा स्पष्ट आहे. अमेरिकेनेही 2022 साली बाजूच्या धडकेचा स्वतंत्र नियम मंजूर केला. एखादे मॉडेल बाजारातून गेले की त्याचे सुटे भाग मिळत नाहीत आणि त्यात दोष निघाला तर तिसऱ्या-चौथ्या घरी पोचलेल्या सीटच्या मालकाला तो कळवायचा कोणी आणि कसा?

‘आमची सीट तर कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली होती, फक्त वर्षभर वापरली,’ असे म्हणणारेही असतात. त्यांचे म्हणणे अंशतः खरे आहे. माळ्यावर ऊन नसते, त्यामुळे झीज कमी होते. पण कंपनीला, आणि सीट हातात घेणाऱ्या पुढच्या आईबापांना, ती माळ्यावर होती की डिकीत हे कळत नाही. छापील तारीख सगळ्यात हलाखीत राहिलेल्या सीटलाही लागू पडेल, अशीच ठरवावी लागते. माळ्यावरच्या सीटवर यात थोडा अन्याय होत असेल, पण चूक दुसऱ्या बाजूला झाली तर तिची किंमत बाळ मोजते.

‘आम्ही काय सीटवर वाढलो? मांडीवर बसून कोल्हापूर-मुंबई केलेच ना!’ हे वाक्य बहुतेक घरांत आजी-आजोबांच्या तोंडी असते. त्यात वाईट हेतू नसतो, पण जे त्या प्रवासांत वाचले नाहीत, ते हे सांगायला उरलेले नाहीत. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनुसार योग्य सीटमुळे मोटारीतल्या एक वर्षाखालच्या बाळाच्या मृत्यूचा धोका 71 टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलाचा 54 टक्क्यांनी कमी होतो. आपले रस्तेही आता ते राहिलेले नाहीत. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. मागच्या सीटवर पट्टा लावावा, हे सुद्धा सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा अनेक घरांत पहिल्यांदा गांभीर्याने बोलले गेले. बाळांच्या बाबतीत तशा धक्क्याची वाट पाहू नये.

पैशाचा आक्षेप मात्र हलका नाही. चांगली सीट अनेक घरांच्या महिन्याच्या बजेटमध्ये बसत नाही. पण मोठ्या नावाची मुदत संपलेली सीट आणि मानकाचा शिक्का असलेली साधी नवी सीट यांत निवड असेल, तर साधी नवी घ्यावी. रंग, कप ठेवायची जागा, मऊ अस्तर यांनी बाळ वाचत नाही. आणि समजा आज रात्रीच निघायचे आहे आणि घरात मुदत संपलेली, पण कधी धडक न बसलेली सीट तेवढीच आहे? मांडीपेक्षा ती बरी, हे सांगायला मी कचरणार नाही. तो एका प्रवासापुरता नाइलाज आहे, त्याची सवय होऊ देऊ नये. पर्यावरणाची काळजी करणाऱ्यांनाही रस्ता आहे. अमेरिकेत टार्गेट या दुकानसाखळीने 2016 पासून जुन्या सीट गोळा करून त्यांचे साहित्य पुनर्वापराला देण्याचा उपक्रम चालवला. आपल्याकडच्या मोठ्या दुकानांना तो अवघड नाही. तोवर सीट भंगारात देताना पट्टे कापून टाकावेत आणि कवचावर मार्करने ‘मुदत संपली’ असे ठळक लिहावे, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या बाळाखाली जाणार नाही.

संशयी माणसाला पटवायचे, तर घाबरवणे उपयोगाचे नाही. ‘ती सीट तुटून पडेल’ असे म्हटले की तो ती हाताने दाबून दाखवतो, सीट तुटत नाही आणि आपला मुद्दा तिथेच मोडतो. त्यापेक्षा त्याच्यासमोर सीट उलटी करावी. लेबल नसेल किंवा फाटले असेल, तर प्लास्टिकमध्येच ठसा असतो. छोटे वर्तुळ, कडेने 1 ते 12 आकडे, मध्ये वर्ष आणि महिन्याकडे रोखलेला बाण. तो दाखवून साधे विचारावे, ‘बाबा, ही कधीची आहे, हिने काय काय सोसले आहे आणि ती आज दोनशे किलोची ओढ झेलेल, असे आपल्यापैकी कोण खात्रीने सांगू शकेल?’ उत्तर कोणाकडेच नसते. सरकारनेही एवढ्यावर थांबू नये. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास हजार रुपये दंड आहे. पण मूल कशात बसवले आहे, ते किती जुने आहे, हे कोणी पाहत नाही. सीटवरची मुदत पुढच्या दर्शनी भागावर, ठळक अक्षरात आणि मराठीतही असावी. जुन्या वस्तू विकणाऱ्या ॲपवर उत्पादनाची तारीख टाकल्याशिवाय सीटची जाहिरातच स्वीकारली जाऊ नये. यातले एकही काम खर्चाचे नाही. तारीख डोळ्यांसमोर आली, की ती पाळायची की नाही हा वाद निदान उघड्या डोळ्यांनी होईल, आणि असा वाद बहुतेक घरांत बाळाच्या बाजूनेच सुटेल, असा माझा विश्वास आहे.