परवान्याला सीमा नसते

सुरतेत तीन-चार पिढ्या काढलेल्या आपल्या कुटुंबांचे सोयरे आजही नंदुरबार, धुळे, जळगावकडे आहेत. लग्नसराईत आपल्या गाड्या नवापूरमार्गे महाराष्ट्रात जातात. गुजरातेत दारूबंदी, म्हणून काही मंडळी सीमा ओलांडली की मोकळी होतात. कुणी त्यासाठी दमण गाठतो. पुढे पकडले गेले तर म्हणतात, “परवाना सुरतचा, केस महाराष्ट्रातली. दंड भरला की संपले!” हा समज साफ चुकीचा आहे.

मोटार वाहन कायदा, 1988 हा केंद्राचा आहे. परवाना साऱ्या देशात चालतो, तशी अपात्रताही साऱ्या देशात लागू होते. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला तर कलम 185 लागते. पहिल्या गुन्ह्यास 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीनुसार पोलीस परवाना जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवतात. चालकाचे म्हणणे ऐकून तो 3 महिने अपात्र ठरवू शकतो. दुसऱ्यांदा परवानाच रद्द होऊ शकतो. परतताना गुजरातेत सापडल्यास दारूबंदी कायद्याचा गुन्हा वेगळाच.

“गावाकडून दुसरा परवाना काढू” ही पळवाटही बंद आहे. कायद्याने एका माणसाला एकच परवाना ठेवता येतो. अपात्र असताना नवा मागणे हाही गुन्हाच. जुना शेरा नव्या परवान्यावर येतो आणि परवान्यांची नोंद आता ‘सारथी’ या संगणक प्रणालीत असते.

आपल्यातील कितीतरी घरे टेम्पो-रिक्षावर चालतात. 3 महिने चाक थांबले तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही, हे आम्ही बँकेत रोज पाहतो. चालक नशेत असेल तर गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारते.

तेव्हा मतांच्या हिशेबाने “आपला पोरगा आहे, सोडा” असे फोन करणाऱ्या पुढाऱ्यांना समाजाने स्पष्ट नकार द्यावा. असा फोन पोराला वाचवत नाही. पुढच्या अपघाताला मोकळा रस्ता देतो. मागायचेच असेल तर एका राज्यातील कारवाई दुसऱ्या राज्याच्या आरटीओत विनाविलंब नोंदली जावी, हे मागा. आणि वऱ्हाडाच्या प्रत्येक गाडीला न पिणारा चालक असावा, असा ठराव आपल्या मंडळाने यंदाच करावा.